एकेचाळिसावी सही

एल्वरुड, मिनेसोटा
बुधवार, ४ सप्टेंबर २०२४

प्रिय लुएला हिस,

आर्डिसचे आशीर्वाद. तू शहात्तरची झालीस हे मला ठाऊक आहे, पण धाकटी ती धाकटीच, तेव्हा आशीर्वादच पाठवते.

आधी तुझी कंबर कशी आहे ते सांग. जिना चढवतो का, की अजून कठड्याला धरून एकेक पायरी? तुझ्या लेकीची, रोंडाची पाठ कशी आहे? वृद्धाश्रमात माणसं उचलून उचलून तिची पाठ गेली असं नाताळच्या कार्डावर एका ओळीत लिहिलं होतंस, पुढं काय झालं ते काही कळलं नाही. तिच्या टेसाचा दमा या वर्षी कमी आहे का? बेनच्या दातांची तार निघाली का? आणि तुझी ती आंधळी मांजर, ती आहे की गेली? आठ वर्षं आपण एकमेकींना कार्डापलीकडं काही लिहिलेलं नाही, म्हणून साचलेलं सगळं एकदम विचारते. रागावू नकोस.

माझं म्हणशील तर ठीक. मार्चमध्ये तळघराच्या जिन्यावरून पडले, लोणच्याची बरणी हातात होती ती वाचवायला गेले आणि मनगट मोडून घेतलं. बरणीही फुटली. तासभर खाली पडून होते. ‘सकाळचे दहा वाजले तरी आजीचा पडदा उघडला नाही’ म्हणून टेकडीवर राहणारी पॉ वाह, तिचं पुढं सांगते, मागच्या दारानं आत आली, तेव्हा सुटका झाली. मनगट आता जुळलंय, अक्षर मात्र वाकडं येतं, ते तुला दिसतंच आहे.

पत्राचं कारण आडवळणानं सांगायची आपल्या घराण्याची खोड आहे. मी आज सरळ सांगते. हे घर मी विकतेय. व्हर्नन गेल्याला तीन वर्षं झाली, पाच खोल्यांत मी एकटी, एखाद्या वाटाण्यासारखी डब्यात खडखडतेय. टेकडीवरच्या आपल्या शाळेत, म्हणजे आता जिथं घरं झालीत तिथं, मी दीड वर्षापूर्वी नाव नोंदवलं होतं. गेल्या सोमवारी येसेनियाचा फोन आला. ती तिथली व्यवस्थापक. तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर रिकामं होतंय. आपला शिवणाचा वर्ग आठवतो? तेच. पण दोन खोल्यांचं घर एकट्या माणसाला देत नाहीत, अर्जावर दोन नावं लागतात. वीस तारखेपर्यंत सांगायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला जाईल.

तू येशील का? एवढंच विचारायचं होतं. बाकीचं पत्र म्हणजे तू ‘नाही’ म्हणायच्या आधी तुला थोडं बसवून ठेवण्याची युक्ती आहे.

तू गेलीस तेव्हा शाळेत कबुतरं होती. खिडक्यांना फळ्या, छपराला भोक. आता बघशील तर ओळखणार नाहीस, आणि ओळखशीलही. चौतीस घरं झालीत. लांबरुंद व्हरांडे तसेच ठेवलेत, मुलांच्या कोटांच्या खुंट्या तशाच आपल्या कमरेएवढ्या उंचीवर. आणि खडूचे फळे! इमारत जुनी म्हणून सरकारनं फळे काढू दिले नाहीत, त्यामुळं प्रत्येक घरात एका भिंतीवर अख्खा काळा फळा. पॉ वाहच्या घरातल्या फळ्यावर तिच्या भाषेतली सामानाची यादी असते, गोल गोल अक्षरं, जणू कुणी मोत्यांची माळ तोडून टाकलीय. त्याच फळ्यावर मिस ऑल्सननं मला भागाकार चुकला म्हणून उभं केलं होतं. मी पॉ वाहला ते सांगितलं तर ती म्हणाली, “आजी, आता बरोबर करून दाखवा.” मी केला. शेवटी बाकी एक उरली. तिच्या मुलीनं तपासलं, बरोबर होतं.

ही पॉ वाह बर्माकडची, करेन लोकांतली. मुलांच्या जन्माआधीपासून ती थायलंडच्या सरहद्दीवरच्या निर्वासितांच्या छावणीत होती, सतरा वर्षं. आता टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात हाडं वेगळी करायच्या पट्ट्यावर उभी असते, पहाटे पाचपासून. घरी आली की दोन तास मैदानावर. आपलं फुटबॉलचं मैदान म्हणजे आता भाजीचे वाफे आहेत, लुएला. अंबाडी लावलीय तिनं, मिनेसोटात! मे महिन्यात घरात रोपं करायची, जूनमध्ये बाहेर काढायची, आणि पहिल्या हिमाच्या आत पाला खुडायचा. मला म्हणाली, “ही थंडीला भिते, मीही भिते, म्हणून दोघी घाई करतो.” तिच्या हाताला काय गुण आहे! माझ्या दारातल्या टोमॅटोंना तिनं नुसतं बघितलं तरी ते सरळ होतात.

व्हर्ननच्या दफनाच्या दिवसाचं तुला कधी सांगितलं नाही. चर्चच्या आपल्या महिला मंडळात तोवर सहाच बायका काम करण्याजोग्या उरल्या होत्या. चर्चच्या तळघरात आम्ही हॅमची सँडविचं करत होतो, आणि पाव कमी पडणार हे दिसत होतं. तेवढ्यात पॉ वाह आणि तिच्याबरोबरच्या चार बायका भाताची दोन मोठी पातेली आणि अंबाडीचं आंबट कालवण घेऊन जिना उतरून आल्या. तेव्हा मी तिला ओळखतही नव्हते. कुणी बोलावलं म्हणून विचारलं तर तिला प्रश्नच कळेना. तिच्याकडं गल्लीत कुणी गेलं की सगळ्यांनी जाऊन रांधायचं असतं, बोलावणं कसलं त्यात? जेवण झाल्यावर त्यांनी गायलं. आपलीच भजनं, आपल्याच चाली, त्यांच्या शब्दांत, चार आवाजांत, एकीच्याही हातात पुस्तक नाही. आपण साठ वर्षं पुस्तकात नाक खुपसून गातोय. मी त्या दिवशी व्हर्ननसाठी रडले नाही एवढी त्या गाण्याला रडले.

आता रविवारी दुपारी त्यांची प्रार्थना आपल्याच चर्चमध्ये असते. छपराला पैसे जमले. टपाल कचेरी बंद व्हायची होती ती राहिली. बालवर्गाच्या दोन तुकड्या झाल्यात. सकाळी टेकडीवरून मुलं बसला उतरतात ती मी खिडकीतून मोजते, सव्वीस. पूर्वी त्या वाटेनं नुसता वारा उतरायचा.

आणि सगळी परकीच आहेत असं समजू नकोस. अर्धी घरं आपल्याच लोकांची. टपाल वाटणारा मेल्विन तिथंच राहतो, ज्याला गुडघ्यामुळं शेत सोडावं लागलं तो एल्डनही. सगळ्यांना एकच नियम, कमाई ठरावीक आकड्याच्या आत पाहिजे, आणि दर वर्षी कागद दाखवायचे. येसेनिया फार कडक. तिचे आईवडील ग्वाटेमालाहून कारखान्यात आले, ती इथंच जन्मली, आणि आपण जिथं बाकांवर नावं कोरली तिथंच शिकली. मी तिला म्हटलं, “अगं, मला लहानपणापासून ओळखतेस, नाव जरा वर घे.” तर म्हणाली, “आजी, ओळखते म्हणूनच नाही घेणार. लोक काय म्हणतील?” मग मी भाजते ते ‘पाय’, ती फळं भरलेली पेस्ट्री, विकून किती मिळतात ते लिहून द्यायला लावलं. मी म्हटलं, सफरचंदाच्या पायचे का रबार्बच्या आंबट देठांच्या? तिनं दोन ओळी आखल्या.

ही घरं बांधायला पैसा कुठून आला हे मला तेव्हा कळलं नव्हतं. फुकट वाटतात असंच सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. येसेनियानं मला तीनदा समजावलं. मग मी लायब्ररीत बसून राज्याची ती नव्वद पानांची नियमावली आठवडाभर वाचून काढली, कारण आठवीत शाळा सुटल्यापासून दुसऱ्याच्या तोंडचं माझ्या डोक्यात राहत नाही, आपल्या डोळ्यांनी वाचलेलंच राहतं. तर असं आहे. बँका आणि मोठ्या कंपन्या अशा घरांत पैसा घालतात, सरकार त्यांना तेवढा कर माफ करतं, आणि त्या बदल्यात तीस वर्षं भाडं आटोक्यात ठेवावं लागतं. कुणी कुणाला फुकट काही देत नाही. कुणाचं तरी डोकं फार चांगलं चाललं होतं म्हणायचं.

त्या सभेबद्दल लिहिणार नव्हते. पण तू हे वाचताना तिकडंच बघत असशील. नगर परिषदेच्या त्या जाहीर सुनावणीत घरं नकोत म्हणून त्र्याऐंशी सह्यांचं निवेदन वाचलं गेलं, त्यात एकेचाळिसावं नाव तुझं निघालं. रोंडा तुझ्या शेजारी बसली होती. गावाबाहेर चाकांवरच्या घरात दोन पोरं घेऊन थंडीत राहणारी, त्या घरांची आस लावून बसलेली. ती उठली आणि गेली. तू उभं राहून म्हणालीस की मी तर ऑस्कर लिंडालच्या दफनाच्या जेवणाच्या यादीवर सही केली होती, पण कुणी ऐकून घेतलं नाही. सह्यांचं पॅड आपल्या मंडळाचं, मंडळाची प्रमुख व्हर्ना क्विस्ट, म्हणून तू व्हर्नाला दोषी धरलंस. ते कागद तिथं कसे आले, देव जाणे. घरांसाठी राज्याकडं केलेला अर्ज त्या वर्षी पडला, दोन वर्षांनी दुसऱ्यांदा केला तेव्हा पास झाला, पण तोवर रोंडा मँकेटोला गेली होती आणि तिच्या मागं तूही.

व्हर्ना आता नव्वदीची आहे, वृद्धाश्रमात असते. मी दर गुरुवारी जाते. तुझं नाव निघालं की ती पत्ते पिसायला लागते. बाई वाईट नाही ती, लुएला. कधीच नव्हती.

तर विचार कर. शिवणाच्या वर्गाच्या खिडक्या दक्षिणेला आहेत. कंबरेला ऊन लागेल. रोंडाला भेटायला दीड तासाची वाट, ती तर आहेच. मका पिवळा पडायला लागलाय, हिवाळ्याच्या आत एका छपराखाली आलो तर बरं.

वीस तारीख लक्षात ठेव. लवकर लिही.

तुझी,
आर्डिस

*

एल्वरुड
शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४

लुएला,

तुझं पोस्टकार्ड परवा आलं. तुझी खुशाली त्यात नव्हती, तरी अक्षर ठणठणीत दिसलं. चारच ओळी, पण मी त्या इतक्या वेळा वाचल्या की डोळे मिटले तरी दिसतात. “येईन. पण व्हर्ना त्याच गावात आहे. माझ्या पोरीपुढं मला खोटं पाडणारा कागद तिनं ठेवला. तिनं कबूल केलं आणि तू ते लिहून पाठवलंस तर त्याच दिवशी सामान बांधते.”

काल गुरुवार होता. मी कार्ड घेऊन व्हर्नाकडं गेले.

ती खिडकीपाशी पत्ते मांडून एकटीच खेळत होती. मी कार्ड वाचून दाखवलं. तिनं बदामाची राणी खाली ठेवली आणि हसली. म्हणाली, “एवढंच ना? मग लिही. मी सही करते.”

मी म्हटलं, “व्हर्ना, तू काही केलं नाहीस.”

“केलं की. पॅड माझ्या हातात आलं तेव्हा क्लिपखाली दबलेली निवेदनाची वरची ओळ मी बोटानं बाहेर ओढली. वाचली. सही केली. आणि होती तशी आत सरकवली. बाकीच्या बायांना ठाऊक नव्हतं. मला होतं. आता तूच सांग, तुझ्यापेक्षा मी बरी कशी?”

मला वाटलं होतं की तिला ठाऊक नाही. आठ वर्षं मी तिला भेटतेय, तिच्यासाठी रबार्बचा पाय नेतेय, आणि ती आठही वर्षं माझ्याकडं बघून सगळं जाणून होती. मी विचारलं, मग लुएलानं तुला तोडलं तेव्हा का नाही बोललीस? तर म्हणाली, “मला वाटलं, तिच्या रागाचं पत्र चुकीच्या दारात पडलंय, पण मजकूर काही खोटा नाही. घेतलं ठेवून.” मग पुढं म्हणाली, “माझ्या नावावर टाक, आर्डिस. नव्वदीत माझं कोण काय वाकडं करणार? तुला बहीण मिळेल. मला काय, हे पत्ते आहेत.”

आणि लुएला, मी पिशवीतून कागद काढला. पहिली ओळ लिहिली सुद्धा, ‘मी, व्हर्ना क्विस्ट, लिहून देते की’. तिनं पेन हातात घेतलं. मी कागदाखाली पॅड सरकवलं, सही नीट यावी म्हणून. तेव्हा मला दिसलं मी काय करतेय ते. परत एकदा मी एका बाईपुढं कागद धरून तिला सही कुठं करायची ते बोटानं दाखवत होते.

कागद मी फाडला. व्हर्ना म्हणाली, “वेडी आहेस. मग ती यायची नाही.” मी म्हटलं, “नाही आली तर नाही आली.” म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत वाटेत तुझं कार्ड दोनदा काढून वाचलं.

मागच्या पत्रात मी ‘देव जाणे’ लिहिलं. देवाला मध्ये घालायची गरज नव्हती. मी जाणते. निवेदन मी लिहिलं, पहिली सही माझी. तू म्हणशील, पहिलं नाव तर तुझं वाचलं नव्हतं. नव्हतं. माझी एकटीची सही असलेलं ते पहिलं पान मी नगर परिषदेत देताना काढलं आणि माझं नाव खाली, सत्तरच्या आसपास घुसवलं, म्हणजे आठवणार नाही कुणाला.

कसं झालं ते सगळं सांगते, कारण तुकड्यांनी सांगितलेलं खरं अर्धं खोटं असतं. ऑस्कर लिंडालचं दफन मंगळवारी होतं, आदल्या रविवारी कॉफीला मी मंडळाचं पॅड फिरवत होते. वरचं पान जेवणाच्या यादीचं, कोण बटाटे आणणार, कोण बिस्किटं. खालची पानं निवेदनाची. आधी दोन-तीन जणांना मी नीट सांगितलं, शाळेत घरं होणार आहेत, विरोध करायचाय. त्यांनी सही केली, पण चुळबुळ करत. मग पुढच्या टेबलावर गेले तेव्हा पान उलटताना निवेदनाची वरची ओळ क्लिपखाली गेली. पहिल्यांदा आपोआप गेली, शपथ. मग मी ती बाहेर काढली नाही. आपल्या गावात मंडळाचं पॅड पुढं आलं की कुणी ‘काय आहे’ विचारत नाही. मेलेल्या माणसाच्या जेवणाला काय नाही म्हणणार? लोक बोलता बोलता, कपातून घोट घेता घेता, सही करून मोकळे. मला ठाऊक होतं ते. बारा वर्षं मीच ते पॅड फिरवत होते.

तू चहात साखर घालत होतीस. तू एकटीच चहा पितेस आमच्यात. माझ्याकडं बघितलंसही नाही, नुसता हात पुढं केलास, कारण पॅड बहिणीनं दिलं होतं; पुढंही तुला वाटलं, कागद व्हर्नाचे, मी नुसती फिरवणारी. मी वरचं पान उलटून दाखवलं, दुसरीकडंही कर म्हणाले. केलीस. मला त्या क्षणी वाटलं थांबावं. रोंडाचं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण वाटलं, रोंडा काय, आपलीच आहे, तिची सोय आपण बघू. ती घरं तर कारखान्यातल्या लोकांनी भरणार. मग तिची सोय बघायला मी कितीदा तिच्या चाकांवरच्या घराकडं गेले? एकदाही नाही. तुला हेही ठाऊक आहे.

का केलं विचारशील. भीती वाटली. इथं जन्मले, इथं लग्न झालं, आणि गावात सगळं कमी होत होतं, माणसं, दुकानं, आवाज. उरलेलं तेवढं तरी आपल्याच हातात राहावं असं वाटलं. भीतीला डोळे नसतात म्हणतात, पण सही करायला हात असतो. आणि दुसरं, मला आवडायचं की मी पुढं केलेल्या कागदाला गावात कुणी नाही म्हणत नाही. ते लिहायला भीतीपेक्षा जड जातंय.

नियमावली मी का वाचली तेही सांगते. मी तुला डोक्यात राहत नाही असं कारण दिलं. खरं कारण वेगळं. मला शोधायचं होतं की तो अर्ज माझ्यामुळं पडला का. सापडलं. अशा अर्जांना गुण देतात, परीक्षेसारखे. गावच्या परिषदेनं पाठिंब्याचा ठराव केला तर चार गुण मिळायचे. निवेदन बघून परिषदेनं ठराव केला नाही. त्या वर्षीचा निकालही तिथं होता, आपला अर्ज दोन गुणांनी पडला. लायब्ररीत ते पान समोर होतं आणि मला वाटलं कुणीतरी मागून येऊन वाचेल.

दोन गुण, लुएला. नाहीतर रोंडा तेव्हाच आत गेली असती. तिला नोकरी इथंच होती. टेसाचा दमा त्या थंड घरातला आहे, हे डॉक्टरनं सांगितलं होतं ना? तेही मी ऐकलं होतं आणि न ऐकल्यासारखं केलं होतं.

कालच संध्याकाळी मी हे पॉ वाहला सांगितलं. तुझ्याआधी तिला सांगायला नको होतं, पण तुला लिहायचं बळ कुठून तरी आणायचं होतं. ती वाफ्यातला पाला खुडत होती. ऐकून घेतलं. तिनं घराचा करार वाचायला किती दिवस घेतले होते ठाऊक आहे? चाळीस पानं, मुलीकडून एकेक ओळ उलगडून घेतली, अकरा दिवस लागले, येसेनिया बिचारी थांबली. छावणीत असताना काय लिहिलंय विचारलं की माणसाला रांगेतून बाहेर काढत, म्हणून इथं ती विचारल्याशिवाय सही करत नाही. ती माझ्यावर रागावेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, “आम्ही येऊ नये म्हणून लिहिलं होतं?” मी म्हटलं, हो. तिनं खुडलेल्या पाल्याची जुडी बांधली. मग म्हणाली, “तुमच्या नवऱ्याच्या जेवणाला आलो तेव्हा ठाऊक असतं तरी आलो असतो. पण मीठ कमी घातलं असतं.” आणि ती जुडी माझ्या हातात दिली. मला माफ केलं की नाही ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. त्या बाईच्या मनाचा आवाका बघून मी लहान पोरीसारखी जुडी घेऊन घरी आले.

आता दोन कामं आहेत, दोन्ही तुझ्या हातात.

पहिलं रोंडाचं. हे पत्र तिला वाचायला दे. सगळं, माझं कुठलंही वाक्य न झाकता. तिच्या आईनं तिच्याविरुद्ध सही केली नव्हती, हे तिला आठ वर्षांपूर्वी कळायला हवं होतं, आणि ज्या एका बाईला ते सांगता आलं असतं ती मी. तिला मला काही बोलायचं असेल तर फोन घेऊन बसलेय, शिव्या द्यायच्या असतील तरीही. तिला म्हणावं, मावशी मध्ये बोलणार नाही. व्हर्नालाही एक ओळ टाक. तिनं सही वाचून केली हे तिचं पाप, पण तुला फसवण्याचं पाप तिच्या माथी मी आठ वर्षं राहू दिलं.

दुसरं घराचं. या पत्रासोबत येसेनियाचा अर्ज आहे. माझे सगळे रकाने भरलेत. दुसऱ्या माणसाच्या नावाची जागा कोरी आहे. येसेनिया म्हणाली, आजी, तुम्हीच बहिणीचं नाव लिहा, सही नंतर घेऊ, तारीख जवळ आलीय. मी नाही म्हटलं. तुझं नाव न विचारता मी एकदा कागदावर आणलंय. सहा पानं आहेत. चष्मा लावून सगळी वाच, रोंडाकडून वाचून घे, कळलं नाही तर येसेनियाला फोन कर, तिचा नंबर शेवटच्या पानावर आहे. मग वाटलं तर सही कर. वीस तारखेला पाच वाजता कचेरी बंद होते. कागद आला नाही तर ते घर यादीतल्या पुढच्या माणसांना जाईल, आणि मी एका खोलीच्या घरासाठी रांगेत परत मागं उभी राहीन. मला त्याचं वाईट वाटेल, पण गाऱ्हाणं करायला मला तोंड नाही.

न सही करता कागद परत पाठवलास तरी चालेल. पण पाठव. गप्प राहू नकोस, आठ वर्षांचा अबोला पुरे झाला. कोऱ्या कागदाबरोबर एखादी शिवी लिहिलीस तरी मी ती जपून ठेवीन. लवकर लिही, अगं, लवकर लिही.

हे सगळं स्वतः लिहून, दोनदा वाचून, खाली सही करणारी,
तुझी थोरली बहीण, अजून तशी म्हणू देशील तर,

आर्डिस